लॉगबुकात म्हातारपण कुठे आहे?

वृद्धांच्या शुश्रूषेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, ही अभ्यासक्रमाची बाबच नव्हे, घरच्या संस्कारांची आहे. पोरं सरळ वागली तर आईबापांना नर्स कशाला लागेल? दुसरा म्हणतो, नर्सिंगला वृद्ध शुश्रूषेचा स्वतंत्र पेपर घाला, म्हणजे झालं. पहिला व्याख्यानमालेत टाळ्या घेतो, दुसरा परिसंवादाच्या शेवटी ठराव मांडतो. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचं वर्षाला पाच लाखांचं संरक्षण सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, लागू झालं. रुग्णालयाचं बिल कोण भरणार याचं निदान अर्धंमुर्धं उत्तर मिळालं, आणि मग पुढचा प्रश्न उघडा पडला: त्या खाटेवर आणि नंतर घरी या माणसाला सांभाळणार कोण, आणि त्याला ते येतं का?

मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. माझ्या मते दोन्ही पक्ष भलत्याच जागी भांडताहेत. पेपर वेगळा असावा की नसावा हा दुय्यम मुद्दा आहे. एएनएम (गावातल्या उपकेंद्राची नर्स) असो, जीएनएम (पदविका घेतलेली नर्स) असो की बी.एस्सी., नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडण्याआधी प्रत्येकीने आणि प्रत्येकाने वृद्धांच्या शुश्रूषेचे ठरलेले तास, शिकवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, वॉर्डात आणि घरांमध्येही, केलेले असले पाहिजेत. त्याची नोंद प्रसूतीच्या नोंदीइतकी काटेकोर हवी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत नापास करण्याइतकं त्याला वजन हवं. पदवीनंतरच्या पदविकेवर ते ढकलून भागणार नाही, कारण पदविका करणारे मूठभर असतात आणि म्हातारे रुग्ण सगळ्यांच्याच वाट्याला येतात.

आधी श्रेय द्यायचं तिथे देऊ. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २०२१-२२ पासूनचा बी.एस्सी.चा सेमिस्टर अभ्यासक्रम जुन्यापेक्षा पुष्कळ बरा आहे. अडल्ट हेल्थ नर्सिंगच्या दुसऱ्या भागाच्या शीर्षकातच वृद्ध शुश्रूषेचं नाव आलं, उपशामक शुश्रूषेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायच्या शुश्रूषेचं, एक छोटं मॉड्यूल आलं. पण तो विषय उघडून बघा. कान-नाक-घसा, डोळे, मूत्रपिंड, भाजलेले रुग्ण, मेंदूचे विकार, कॅन्सर, आपत्कालीन शुश्रूषा, अतिदक्षता, आणि त्याच रांगेत म्हातारपण; जणू तोही शरीराचा एखादा अवयवच. बालकांना दोन सेमिस्टर, मानसिक आरोग्याला दोन, प्रसूतीला दोन, सामुदायिक आरोग्याला दोन. परीक्षेच्या तोंडावर काहीतरी ऑप्शनला टाकायचं झालं तर मुलं काय टाकतात, हे कळायला ट्यूटर असावं लागत नाही. प्रसूतीच्या लॉगबुकात किती प्रसूती पाहिल्या, किती स्वतःच्या हाताने केल्या, किती गरोदर बायका तपासल्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि सही लागते. आकडा भरला नाही तर मुलगी रडकुंडीला येते, रात्रपाळी मागून घेते. वृद्धांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी एक केस स्टडी, तीही वरच्या वर्गातल्या ताईची उतरवलेली, आणि वृद्धाश्रमाला एक भेट. भेटीत फळं वाटायची, दोन गाणी म्हणायची, फोटो काढायचा आणि जेवणाच्या वेळेला बस परत.

हे असं का झालं, याचं कारण समजण्यासारखं आहे. नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. त्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. देश मरत होता तो बाळंतपणात, पाळण्यात, मलेरियाने, क्षयाने आणि पटकीने. त्या देशासाठी नर्स घडवायची तर तिच्या हाती आधी नाळ आणि लस द्यायला हवी होती. ते शहाणपणाचंच होतं आणि त्याचं फळ आपण खातो आहोत. आज आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठीवरचे लोक दहा कोटींहून जास्त भरले; देशाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, महाराष्ट्राचं ९.९. अधिकृत अंदाजानुसार २०३६ पर्यंत देशात दर सात माणसांमागे एक साठीपलीकडचा असेल. दुसऱ्या टोकाला, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे आईबापांची जागा भरून काढण्यापेक्षाही कमी. पाळणे कमी होताहेत आणि काठ्या वाढताहेत. बालरोग आणि प्रसूती यांचे तास कापा असं मी म्हणत नाही. पण १९४७ च्या देशाकडे बघून ठरलेला तोल २०४७ साठी कसा चालेल?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो माझ्याच व्यवसायातले लोक मांडतात: 'अहो, वेगळं कशाला शिकवायचं? मेडिसिन वॉर्ड बघा, ऑर्थो बघा, आयसीयू बघा, निम्म्या खाटांवर म्हातारी माणसंच आहेत. मुलं तीन-चार वर्षं त्यांच्यातच वावरतात. हात आपोआप बसतो.' यातला पहिला भाग खरा आहे. कुठल्याही सरकारी रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड हा आज अघोषित वृद्ध वॉर्डच असतो. पण हात आपोआप कशावर बसतो? समोर जे चाललेलं दिसतं त्यावर. आणि समोर काय चालतं ते एका खाटेपुरतं सांगते.

पक्षाघात होऊन चार-पाच दिवस झालेले एक आजोबा. उजवी बाजू गेलेली, तोंड किंचित वाकडं, बोलणं घोगरं. दुपारचा चहा आला. विद्यार्थिनी हुशार, सलाईनची शीर तिला पहिल्या टोचणीत सापडते, औषधांचे डोस तोंडपाठ. तिने प्रेमाने चमच्याने चहा पाजायला घेतला. खाट आडवी, डोक्याखाली एक उशी, मान मागे गेलेली. दोन चमचे गेले, तिसऱ्याला ठसका लागला. 'आजोबा, हळू घ्या हं,' म्हणून तिने पाठीवरून हात फिरवला आणि चौथा चमचा दिला. हे टाळायला औषध लागणार नव्हतं, यंत्र लागणार नव्हतं, डॉक्टरांचा हुकूमही लागणार नव्हता. खाटेचं डोकं उचलायचं, त्यांना सरळ बसतं करायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, घास धड बाजूच्या गालात ठेवायचा, गिळणं गळ्याला दिसेपर्यंत थांबायचं, आवाज ओला वाटला की थांबायचंच, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका ही त्या घशाने दिलेली हाक असते, आणि काही म्हाताऱ्यांच्या घशात तेवढीही ताकद उरलेली नसते. त्यांना ठसका लागतच नाही, चहा गुपचूप फुप्फुसात उतरतो. दोन दिवसांनी आजोबांना ताप आला, छातीत घरघर सुरू झाली, रवानगी आयसीयूत. केसपेपरवर अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया लिहिलं गेलं. चहाचा उल्लेख कुठेच नाही. तिने चूक केली असं तिला कुणी सांगितलंही नाही, कारण तिच्या आधी तिच्या सीनियरने तसंच पाजलं होतं आणि त्याआधी आयाबाईंनी.

म्हणजे वावरून हात बसतो तो चुकीवरही तितकाच पक्का बसतो. म्हातारं शरीर तरुण शरीराची जुनी आवृत्ती नसतं. त्याच्या तक्रारी करण्याच्या रीतीच निराळ्या असतात. ऐंशीच्या बाईंना न्यूमोनिया होतो आणि ताप येत नाही. हार्ट अ‍ॅटॅक येतो आणि छातीत दुखत नाही. नुसतं 'आज गळून गेल्यासारखं झालंय' एवढंच. लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि पहिलं लक्षण दिसतं ते असं, की काल नातवाचं नाव घेणाऱ्या आजी आज मुलाला दीर समजून डोक्यावर पदर घेताहेत. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या रात्री बरळायला लागतात, सलाईन उपसतात. मग बँडेजच्या पट्टीने हात खाटेला बांधले जातात आणि नोट्समध्ये लिहिलं जातं, रुग्ण सहकार्य करत नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजी मात्र दिवसभर डोळे मिटून पडून असतात, त्यांच्याबद्दल लिहिलं जातं, रुग्ण शांत आहे. दोघींना एकच दुखणं आहे, अचानक आलेला भ्रम. आणि दोघींपैकी जास्त धोका बहुधा त्या शांत आजींना आहे, कारण त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. कारण शोधायला गेलं तर काय सापडतं? तुंबलेलं मूत्राशय, चार दिवसांचा मलावरोध, रात्री झोप लागावी म्हणून दिलेली गोळी, नाहीतर लेकीच्या पर्समध्ये राहून गेलेला चष्मा आणि कानाचं यंत्र. हे ओळखायला प्रश्न ठरलेले असतात, ते दोन-तीन मिनिटांत विचारून होतात, आणि ते शिकवावे लागतात.

वैद्यकाच्या इतिहासात हा धडा एकदा शिकून झालेला आहे. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळाचा ताबा घेतला, तेव्हा मार्जरी वॉरन या डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला सातशे चौदा खाटा आल्या. त्यांवर वर्षानुवर्षं पडून असलेले म्हातारे 'असाध्य' म्हणून टाकून दिलेले होते. बाईंनी एकेकाला तपासलं, गट पाडले, ज्यांना उठवता येईल त्यांना उठवून चालायला लावलं. पुष्कळजण घरी गेले. त्या खाटांवर माणसं होती, डॉक्टर होते, नर्सही होत्या. सगळे 'त्यांच्यातच वावरत' होते. बघणारं कुणी नव्हतं. पुढे १९६० च्या सुमारास डोरीन नॉर्टन या नर्सने लंडनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयातल्या म्हाताऱ्या रुग्णांच्या पाठीच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास केला. तोवर पाठीला हे चोळ, ते लाव असं परंपरेने चालत आलेलं होतं. नॉर्टनबाईंनी दाखवलं की जखम टळते ती दाब हटवल्याने, म्हणजे ठरल्या वेळी कूस बदलल्याने, लेपाने नव्हे. जखम कुणाला होईल हे आधी ओळखायची त्यांची मोजपट्टी जगभर वापरली गेली. आपल्याकडच्या कित्येक वॉर्डांत सकाळी स्पिरिट आणि पावडर घेऊन 'बॅक केअर' अजून चालते, आणि कूस बदलायचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी कोरा लटकत असतो. साठ वर्षांपूर्वी एका नर्सने सोडवलेला प्रश्न आपण रोज नव्याने चुकवतो, हे वावरून शिकण्याचं फलित.

संस्कारवाल्यांकडे वळते. त्यांना हसून सोडून देणं सोपं आहे, पण त्यांच्या बोलण्यात एक सत्य आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची जवळजवळ सगळी शुश्रूषा घरातच होते, आणि ती करते बहुतेक वेळा सून, लेक नाहीतर स्वतः साठी उलटलेली बायको. उद्या नर्सिंगचे सगळे तास दुप्पट केले तरी हे बदलणार नाही. मग अभ्यासक्रमाचा हट्ट कशाला? कारण माया आणि कसब या दोन गोष्टी आहेत. प्रसूतीही एकेकाळी पूर्णपणे घरचीच बाब होती. अंधारी खोली, शेगडीचा धूर, सुईण आणि तिचा विळा. माया काय कमी होती त्या घरांत? तरी बाया आणि पोरं मरत होती. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, दायांना शिकवायचे प्रयत्न झाले, आणि आज महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणून आईची, सासूची माया कमी झाली असं कुणी म्हणत नाही. नर्सिंग हे घरंदाज बाईचं काम नव्हे, परक्याचं अंग पुसायचं म्हणजे काय, असं ज्या पुण्यात बोललं जात होतं त्याच पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायका, त्यांत कित्येक विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला गेल्या. घरची बाब आणि शिकायची बाब यांत भांडण नाही, हे शंभर वर्षांपूर्वी या प्रांतात सिद्ध झालेलं आहे. म्हाताऱ्यांच्या बाबतीतच ते नव्याने का सिद्ध करावं लागतं?

शिवाय घरच्या माणसाला शिकवणार कोण? डिस्चार्जच्या दिवशी काय होतं ते आठवा. हातात फाइल, औषधांची पिशवी, रुग्णवाहिकावाल्याचा फोन वाजतोय, आणि सिस्टर एका दमात सांगतात: नळीतून दर दोन तासांनी द्यायचं, लघवीची पिशवी भरली की रिकामी करायची, पाठ बघत जा. 'पाठ बघत जा' म्हणजे नक्की काय बघायचं? लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडलं तर ती पांढरी पडते का, हे त्या सुनेला कुणी दाखवलेलं नसतं. लघवीची पिशवी कंबरेच्या वर उचलायची नाही, हे सांगितलेलं नसतं. सिस्टरलाही वेळ नसतो हे खरंच, पण वेळ असता तरी काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने, याचा सराव तिला कधी मिळालेला नाही. संस्कारांवर भाषण देणाऱ्यांनी त्या सुनेला एकदा विचारावं, तिला सल्ला हवाय की कुणीतरी करून दाखवायला हवंय.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो रास्त आहे. चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर असतील तर कितीही शिकवा, दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? रिक्त पदं भरत नाहीत, कंत्राटी नेमणुका, दुहेरी पाळ्या. अशा वेळी प्रशिक्षणाची भाषा करणं म्हणजे सगळं खापर नर्सच्या माथी मारणं. मान्य. प्रशिक्षण ही मनुष्यबळाची जागा घेऊ शकत नाही, आणि कुणी प्रशासक तसं सुचवेल तर त्याला आधी रात्रपाळीला उभं करावं. पण उलट बाजूही बघा. पडून हाड मोडणं, पाठीला जखम होणं, भ्रम होणं, घास फुप्फुसात जाणं, यांतली प्रत्येक गोष्ट त्याच दोन सिस्टरांचं काम आठवड्यांनी वाढवते. सॅक्रमवरची, म्हणजे कंबरेखालच्या हाडावरची, मुठीएवढी जखम रोज धुऊन बांधायला जो वेळ जातो, त्याच्या काही अंशात ती होऊ न देणं जमतं. आणि आणखी एक. जिथे मोजमाप नाही तिथे मागणीला धार येत नाही. किती रुग्णांना दाखल झाल्यानंतर जखम झाली, किती पडले, किती बरळायला लागले, हे लिहायला शिकलेली नर्सच उद्या कागद टेबलावर ठेवून सांगू शकते की या वॉर्डाला आणखी चार माणसं का हवीत. नुसतं 'कामाचा ताण आहे' या वाक्याने आजवर एकही पद मंजूर झालेलं मला आठवत नाही.

मग येतात व्यवहारी लोक. नर्स परवडते कुणाला? ब्यूरोतून बाई आणा, बारा तासांची नाहीतर चोवीस तासांची, महिना ठरवा, संपलं. शहरातल्या मध्यमवर्गाने हा मार्ग केव्हाच स्वीकारला आहे, आणि परवडण्याचा मुद्दा खोडता येणार नाही. या बायका आहेत म्हणून हजारो घरं उभी आहेत. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांना एकटं सोडण्याबद्दल आहे. गावाकडून आलेली, घरात पोरं टाकून आलेली बाई. ब्यूरो कमिशन कापून घेतो आणि दोन दिवस कुणाच्या तरी मागे उभं करून तिला 'ट्रेंड' म्हणून पाठवतो. नव्वद किलोच्या माणसाला खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं हे न शिकल्याने तिची स्वतःची पाठ चाळिशीतच जाते. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी, सरकली आहे हे तिला कळलं तरी विचारायचं कुणाला? केअरगिव्हरचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम आहेत, जनरल ड्युटी असिस्टंटचं प्रमाणपत्र आहे, ते वाढायलाच हवेत. पण त्यांच्यावर देखरेख करणारी, आठवड्यातून एकदा घरी येऊन जखम, औषधं, वजन आणि त्या बाईचं काम बघणारी नर्स नसेल तर ती सगळी साखळी अधांतरी राहते. केरळने हे करून दाखवलं: २००८ च्या उपशामक सेवेच्या धोरणानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने नर्स घरोघरी जाते, आणि स्वयंसेवक व घरची माणसं तिच्या सल्ल्याने सांभाळतात. तिथे नर्सशिवाय स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं असतं का? आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांना, म्हणजे प्राथमिक पातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांना, जी बारा सेवांची यादी दिली आहे तिच्यातही वृद्धांची आणि उपशामक सेवा आहेच. यादी छापली गेली. ती सेवा देणाऱ्या एएनएमची तयारी अजून मुख्यतः लसीकरणाच्या सत्राची आणि गरोदर मातांच्या नोंदीचीच आहे. कोकणातल्या वाड्यांवर दारं उघडी असलेल्या घरांत बहुतेक दोघंच असतात, दोघंही सत्तरीपुढचे, आणि चाकरमानी गणपतीला येतात. तिथे कोणता संस्कार आणि कोणता ब्यूरो पोचणार?

स्वतंत्र पेपर, स्वतंत्र पदवी, स्वतंत्र केडर मागणाऱ्यांशी माझं अर्धं जमतं. जर्मनीने नेमकं तेच केलं होतं: वृद्धांच्या शुश्रूषेचा वेगळा व्यवसाय, वेगळं शिक्षण. व्हायचं ते झालं. तो कमी पगाराचा, कमी मानाचा रस्ता ठरला आणि तिथून रुग्णालयात जायची वाट बिकट राहिली. शेवटी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांनी सामान्य, बाल आणि वृद्ध शुश्रूषा एका सामाईक शिक्षणात आणल्या. आपल्याकडचे काही विद्वान याचा दाखला देऊन म्हणतात, बघा, वेगळं शिकवणं त्यांनीही सोडलं! पण मजकूर पुढे वाचावा लागतो. त्या नव्या शिक्षणात अडीच हजार तास प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि त्यांत तीव्र आजाराचं रुग्णालय, दीर्घकालीन निवासी शुश्रूषा आणि घरी जाऊन करायची शुश्रूषा, या तिन्ही ठिकाणी प्रत्येकी ४०० तास सक्तीचे आहेत. वेगळेपण काढलं ते शिक्का म्हणून. तास काढले नाहीत, उलट सगळ्यांवर घातले. जपानचा मार्ग निराळा. पासष्टीवरच्यांचं प्रमाण जेमतेम १२ टक्क्यांवर आलं त्या सुमारास, १९८९ च्या फेररचनेत, त्यांनी नर्सिंगच्या मूळ अभ्यासक्रमातच वृद्ध शुश्रूषेला स्वतंत्र विषयाचं स्थान दिलं. एकाने विषय विलीन केला, दुसऱ्याने वेगळा काढला. दोघांनीही ऐच्छिक ठेवला नाही.

यात आपल्यासाठी एक बोचरी गोष्ट आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. यादीत नर्स आहेत. मुलं जर्मन भाषेच्या परीक्षा देताहेत, काही जपानी शिकताहेत, आणि जावंच त्यांनी, चांगला पगार आणि मान मिळत असेल तर त्यांना अडवणारे आपण कोण? 'शिकवलं तर पळून जातील' हा आक्षेप मी ऐकते तेव्हा मला एवढंच विचारावंसं वाटतं, की न शिकवल्याने थांबल्या का? उलट असं होतं, की आपली मुलगी श्टुटगार्टला जाऊन तिथल्या आजोबांना सरळ बसवून घास भरवायला शिकते, आणि इथे मिरजेत नाहीतर जालन्यात तिचेच आजोबा आडवे पडून चहा पितात.

अंमलाचं सांगते, कारण ठराव इथेच अडकतात. जागा कुठे आहेत, हा पहिला प्रश्न. आपले बहुतेक वृद्धाश्रम 'स्वतःचं स्वतः करता येणाऱ्यांनाच' घेतात. अंथरुणाला खिळल्यावर घरी न्या म्हणतात. तिथे फळं वाटायच्या पलीकडे शिकण्यासारखं फारसं नसतं. शिकायच्या खऱ्या जागा तीन: मेडिसिन आणि ऑर्थोचे आजचेच वॉर्ड, पण ट्यूटर हजर असताना आणि वृद्धांच्या ठरलेल्या तपासणीसह, पुण्यातल्या वारज्यासारखी उपशामक केंद्रं, जिथे जिल्ह्यात असतील तिथे, आणि घरं. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये मुलं आजही घरोघरी जातात, सर्वेक्षणाचे फॉर्म भरतात. त्याच पोस्टिंगमध्ये प्रत्येकाला अंथरुणावरच्या एकेका वृद्धाचं घर ठरवून देता येईल, पूर्ण सेमिस्टरभर. यासाठी नवे तास लागत नाहीत, आहेत त्यांचा उपयोग बदलावा लागतो. लॉगबुकात चार नोंदी सक्तीच्या करा: गिळण्याची तपासणी करून भरवणं, भ्रमाची तपासणी, पडण्याचा धोका बघून केलेली योजना, घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून करवून घेतलेली एक कृती. आणि प्रात्यक्षिक परीक्षेला एक खाट नेहमी पंच्याहत्तरीपुढच्या रुग्णाची असू द्या.

अडचण खरी आहे ती शिकवणाऱ्यांची. आम्हा ट्यूटर मंडळींपैकी बहुतेकांनी स्वतः हे पद्धतशीर शिकलेलं नाही. कौन्सिलची एक वर्षाची वृद्ध शुश्रूषेची पदविका आहे, तिचा खरा उपयोग इथे आहे. ती स्टाफ नर्सच्या बढतीचा अलंकार करण्यापेक्षा दर महाविद्यालयातून निदान एक ट्यूटर तिच्यासाठी पाठवावा, पगार चालू ठेवून. यावर संस्थाचालक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणूनच मान्यतेच्या तपासणीत तो निकष घातल्याशिवाय हे होणार नाही.

२०२३ च्या कायद्याने नर्सिंग कौन्सिलची जागा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाने घ्यायची आहे, म्हणजे शिक्षणाचे किमान निकष पुन्हा लिहिले जाण्याची संधी समोर आहे. अशा वेळी मागणी करणारा वर्ग कोणता? राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं गावोगाव आहे, फेस्कॉमसारखा महासंघ आहे, आणि मार्च २०२० मध्ये थांबलेली रेल्वेची सवलत परत द्या यासाठी ते नेटाने निवेदनं देतात. ती मागणी योग्यच आहे. त्याच निवेदनात आणखी एक ओळ घालायला खर्च येत नाही, की आम्हाला हात लावणाऱ्या नर्सला आमच्या वयाची तपासणी येत असल्याशिवाय नोंदणी देऊ नका.